रविवारचा चेहरा

वहिनीने फोन समोर धरला, तसा धाकट्याने चष्मा काढून खिशात टाकला, मिशीवरून बोट फिरवलं आणि गेलेल्या भावाचं तोंड केलं.

"जरा कंटाळलेलं," वहिनी म्हणाली.

त्याने चेहरा कंटाळलेला केला. फोन उघडला.

जुळ्यांतला थोरला गेल्या वर्षी बुटाची नाडी बांधता बांधता गेला. घराच्या, गाडीच्या, कपाटाच्या किल्ल्या खुंटीवर ठेवून गेला. फोन उघडायचा गुप्त आकडा तेवढा सोबत घेऊन गेला. विजेचं बिल, विमा, बँक, सगळं त्या फोनात, आणि तो उघडणारं तोंड आता जगात एकच उरलेलं. तेव्हापासून धाकटा दर रविवारी फ्रिजदुरुस्तीची पिशवी घरी ठेवून नुसतं तोंड घेऊन येई. फोन कायम चार्जरला, अतिदक्षता विभागातल्या रुग्णासारखा. कारण एकदा का तो बंद पडला, की चालू होताना आकडाच मागतो. मग कुणाच्या बापाचा चेहरा चालत नाही.

आज मात्र शेवटचं होतं. एकेक खातं उघडून वहिनीच्या नंबरवर आणायचं, कागदावर लिहून काढायचं आणि मोकळं व्हायचं. थोरल्यासारखी राखलेली मिशी उतरवायला धाकट्याच्या बायकोने सकाळीच वस्तरा काढून ठेवला होता.

"वर्षभर मोठ्या दिरांशेजारी झोपतेय मी," ती म्हणाली होती. "बरं दिसतं का ते?"

धाकट्याने चष्मा लावून लिहायला घेतलं.

"वीज झाली. विमा झाला. हे काय, पावलं मोजणारं?"

"ते राहू द्या, भाऊजी."

"अजून कळवतंय. 'या आठवड्यात तुम्ही अजिबात हालचाल केली नाही.'"

"खोटं नाही बोलत," वहिनी म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

आता फोटोंचं खातं तेवढं राहिलं होतं. त्याने बोट टेकवलं आणि फोन विझला. चार्जरची पिन केव्हाची निसटली होती.

"वहिनी, गेला."

हेच वाक्य तो या घरात आधी एकदा बोलला होता.

वहिनी कप घेऊन बाहेर आली. तिने पिन नीट खोचली, फोन चालू होईपर्यंत एक घोट घेतला. पडद्याने आकडा मागितला, तेव्हा खिडकीबाहेर बघत तिने अंगठ्याने तो दाबला, अंधारात आपल्याच घराचं कुलूप उघडावं तसा.

फोन उघडला.

मग तिचा अंगठा जागच्या जागी राहिला. धाकट्याने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

वहिनीने कप खाली ठेवला. उघडा फोन तिने त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्याचा उजेड त्याच्या नाकावर पडला. ती फोनकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हलू नका," ती म्हणाली. "अजून उघडला नाही."

धाकट्याच्या खिशात त्याचा स्वतःचा फोन थरथरला. बायको असणार. त्याने खिशात हात घालून तो चाचपत बंद केला आणि मान सरळ केली.

"बघा सावकाश," तो म्हणाला.