कोपरे

"बसून पुसतेय बाई! आता पाठीला लोड तेवढा द्यायचा राहिला!"

थोरली हे बादलीशी बोलली. पण ओपीडीच्या बाकावर सकाळी सहापासून नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि तो फिस्सकन हसला.

लांबलचक व्हरांड्यातून तिची धाकटी जाऊ येत होती. इस्पितळाने पंधरा दिवस वापरून बघायला आणलेल्या, फरशी पुसायच्या मशीनवर बसून. मागे ओली चकचकीत पट्टी, पुढे हॉर्न. हॉर्नसुद्धा होता मेल्याला!

धाकटीला बारा वर्षांपूर्वी या कामावर थोरलीनेच आणलं होतं. उलटं चालत पुसायचं म्हणजे आपलं पाऊल उमटत नाही, पोछा चारच्या आकड्यासारखा फिरवायचा, कोपरा जुन्या टूथब्रशने काढायचा, सगळं तिनेच शिकवलेलं. आणि बसायला जागा झाली तेव्हा बसली कोण? दहावी पास धाकटी. तिला बटणांवरची अक्षरं वाचता येत होती.

पगाराचं म्हणाल तर दोघींचा सारखाच. त्याहून कमी दिला तर कायदा पकडतो, म्हणून दिलेला. थोरलीच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच, ओपीडीत दाखवता न येण्यासारखं. कालपर्यंत सुपरवायझरला दोघी मावश्या होत्या. आता, "मॅडम, बॅटरी भरली ना?" आणि लगेच, "मावशी, जरा बाजूला व्हा."

मशीनचं तोंड गोल होतं. कोपऱ्यात ते शिरत नसे. पहिल्याच दिवशी हे बघून थोरलीला उकळ्या फुटल्या. मशीन गेलं की मागोमाग ती उकिडवी बसे आणि ब्रशने एकेक कोपरा लख्ख करी. बघू दे जगाला, हात तो हात! गुडघे कुरकुरले तरी पंधरा दिवसांत तिने एक कोपरा चुकवला नाही.

आज शेवटचा दिवस. सुपरवायझर कागद घेऊन आला. औषधांच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात त्याने बोट फिरवलं, बोट उलटंसुलटं करून पाहिलं.

थोरली पदराने हात पुसत पुढे झाली. आता म्हणेल.

"वा, मॅडम!" तो धाकटीला म्हणाला. "कोपऱ्यांसकट साफ करतं की हे. म्हणजे मागून माणूस लावायलाच नको." आणि त्याने कागदावर खूण केली.

धाकटीने हॉर्नवरची नसलेली धूळ पुसली.

तो गेल्यावर दोघी झाडू-बादल्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. थोरलीने डबा उघडला, पुन्हा लावला.

"तुला ठाऊक होतं ना, कोपरे कोण काढतं ते?"

"रोज आरशात दिसायचीस, ताई. मशीनला आरसा आहे."

"मग दातखीळ बसली होती का?"

"बोलले असते तर मशीन नापास झालं असतं. मी पुन्हा पोछ्यावर." धाकटीने बादली पायाने बाजूला सारली. "बारा वर्षं ऐकतेय, पुसावं तर थोरलीनं. घरी तेच, इथे तेच. मला एकदा कुणीतरी वा म्हणायला हवं होतं गं."

थोरलीने तिच्याकडे वळून पाहिलं. हिलाही? त्याच जागी, तितकंच दुखत होतं?

"आणि तू तरी कशाला काढलेस?" धाकटी म्हणाली. "राहू द्यायचेस घाण. मशीन परत गेलं असतं."

हे थोरलीला सुचलंच नव्हतं. घाण कोपरा मागे सोडून पुढे जायचं, हा विचार तिच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

"घाण कशी ठेवायची?" ती म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. कुणा पेशंटचं पोर मशीनशी खेळत असावं. दोघीही उठल्या नाहीत. पंधरा दिवस एकाच स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना मीठ-साखर देत होत्या, आणि जे ओठांवर होतं ते सोडून सगळं बोलत होत्या.

थोरलीने ब्रश धुतला, झटकला. केस झिजून नखाएवढेच उरले होते. तो तिने धाकटीच्या हातावर ठेवला.

"आता पहिल्या तारखेपासून एकीलाच ठेवतील," ती म्हणाली. "आणि ती मी नाही."