चाळीस पोती आत, चाळीस पोती बाहेर

मित्रांनो, मी एक जुने गणित आहे. कॉलेजात घरी सोडवून आणायला देतात ना, त्यांतले. माझ्याकडे बघून कोणाला आनंद झाल्याचे मला आठवत नाही. माझ्यामुळे रडलेले मात्र बरेच आठवतात. खोटे कशाला बोलू, तरुणपणी मला त्यात मजाही वाटायची.

मी मूळचा फिलिपिन्समधल्या या काबानातुआन गावचा नाही. मी एका परदेशी पुस्तकात सिमेंटचे गणित होतो. एका गोदामात रोज चाळीस पोती सिमेंट येते, बाराशे पोती पुढे पाठवायची आहेत, किती दिवस लागतील? उत्तर तीस. तुम्ही म्हणाल, यात कसले आले कॉलेज! पण माझ्या मागे शेपूट होते. गाड्या किती लागतील, माणसे किती, गोदामात जागा किती असे आणखी सात प्रश्न, आणि ते सातही त्या तीस दिवसांवर उभे. पहिले उत्तर चुकले की खालचे सगळे कोसळायचे. माझी खरी ताकद तीच होती.

मला इथे आणले देल्फिन सरांनी. ते उद्योगांचे व्यवस्थापन शिकवायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात लाल पेन, आणि मुलांना भर वर्गात सोलून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलांना आपल्या मुलखातली गणिते द्या, असे वरून पत्र आले. मग सरांनी मला समोर घेतले, ‘सिमेंट’ खोडून तिथे ‘राईस’ लिहिले, ‘गोदाम’ खोडून ‘गिरणी’ लिहिले आणि पेनाला टोपण लावले. झाले माझे नामकरण. उत्तरांच्या वहीतले तीस तसेच राहिले.

इथेच घोटाळा झाला. या लोकांच्या बोलीत शेतातला तो पालाय, गिरणीतून निघाला की बिगास आणि ताटात वाढला की कानिन. आपला भात, तांदूळ आणि शिजलेला भात म्हणा ना. घरात कोणी एकासाठी दुसरा शब्द वापरला तर पोरेसुद्धा हसतील. पण कॉलेज चालते इंग्रजीत, आणि इंग्रजीला तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो. त्यामुळे मी असा झालो: एका गिरणीत रोज चाळीस पोती राईस भरडायला येतो, सरकारी गोदामाला बाराशे पोती राईस द्यायचा आहे, किती दिवस लागतील?

वाचलेत ना? चाळीस पोती भात आत गेला आणि चाळीस पोती तांदूळ बाहेर आला. तूस नाही, कोंडा नाही, काही नाही. अशी गिरणी जगात कुठे असेल तर मला दाखवा.

कॉलेजच्या कागदांच्या गठ्ठ्यात माझे शेजारी होते. पिशवीतल्या लाल-काळ्या गोट्यांचे संख्याशास्त्रातले गणित होते, आणि उतारावरून घरंगळणाऱ्या गाडीचे भौतिकशास्त्रातले. गाडीचे गणित फार मिजासखोर. “आमच्यात वारा नसतो, घर्षण नसतं,” असे ते ऐटीत सांगायचे. पण ते निदान तसे कागदावर लिहून तरी ठेवायचे. मी तूस गिळून गप्प बसलो होतो.

अकरा वर्षे मी असा मिरवलो. वर्गातली निम्मी पोरे शेतकऱ्यांची. दिवसातून तीन वेळा भात खाणारी, सुट्टीत गिरणीच्या रांगेत उभी राहणारी. पण कॉलेजच्या पायरीवर चप्पल काढावी तसे ती घरचे शहाणपण काढून ठेवायची आणि निमूटपणे तीस लिहायची. खरे तर लिहायचीही नाहीत, वरच्या वर्गातल्यांच्या वह्यांवरून उतरवायची. दरवर्षी तेच तीस, दरवर्षी तीच लाल खूण. देल्फिन सर मला ‘माझे लाडके गणित’ म्हणायचे, आणि मी फुगायचो.

मग अनालिन आली.

अनालिन तालुसान गुइम्बाकडच्या एका खेड्यातली. अंगाने काडी, अक्षर मात्र टपोरे. प्रांताच्या शिष्यवृत्तीवर शिकत होती, आणि त्या शिष्यवृत्तीची अट एकच होती: एकाही विषयात नापास व्हायचे नाही. झालीस की बंद. ती बंद झाली तर तिच्या घरून एका सत्राची फीसुद्धा निघाली नसती. तिचा बाप भाताच्या गिरणीत तूस उपसायचा. सकाळी फावडे घेऊन यंत्राच्या मागे उभा राहायचा तो संध्याकाळी भुवयांपर्यंत पिवळा होऊन घरी यायचा.

भाड्याच्या खोलीत तिच्यासोबत मिलेट राहायची. दोन वर्षांनी मोठी, म्हणून अनालिन तिला आते म्हणायची. इकडे थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. मिलेटने आपली जुनी वही तिच्यापुढे टाकली.

“हे घे. सातवं पान. तीस लिही, खालचे सात प्रश्न उतरव, आणि चल, सुकी मासळी तळलीय ती गरम आहे तोवर खाऊ.”

अनालिनने मला वाचले. पुन्हा वाचले. माझ्यावर बोट ठेवून इतके सावकाश मला कोणी कधीच वाचले नव्हते. माझी पाचावर धारण बसली.

“आते, हे चुकलंय.”

“काय चुकलंय? सर्वांचं हेच असतं.”

“चाळीस पोती आत नि चाळीस पोती बाहेर? असं होत असतं तर आम्ही राजे झालो असतो गं. शंभर पोती टाकली तर पासष्ट पडतात. चाळिसाची सव्वीस.”

“गणितात लिहिलंय का तसं?”

“नाही.”

“मग तुला कशाला पंचाईत? सरांना तीस हवेत, तीस दे.”

तिने बाराशेला सव्विसाने भागले. शेहेचाळीस आणि वर थोडे. म्हणजे सत्तेचाळीस दिवस. त्यावरून तिने गाड्या, माणसे आणि जागा सगळे नव्याने काढले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला सोडवले होते. तुम्हाला सांगतो, मला बरे वाटले नाही, भीती वाटली.

कागद परत मिळाले तेव्हा तिच्या आठही उत्तरांवर फुल्या होत्या. ती उभी राहिली. तिने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

“सर, भात भरडला की तूस निघतं.”

देल्फिन सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “तूस? गणितात दिलंय का कुठं तूस?”

“नाही सर, पण...”

“मग हे घरून आणलंस होय! आणखी काय काय आणलंस घरून? रेडा बांधलायस का बाहेर?”

वर्ग खदखदून हसला. सरांना हसू ऐकले की चेव यायचा. “बरं, आपण सर्वांनाच विचारू. किती दिवस, मुलांनो?”

“तीऽऽस!” पन्नास तोंडे एका सुरात ओरडली. त्यातल्या तिघांचे बाप, तिचा बाप तूस उपसायचा त्याच गिरणीत भात घालायचे. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

“बघ. पन्नास जण चुकले आणि तू एकटी बरोबर. बस खाली, तूसबाई.”

तेव्हापासून तिचे नाव तूस पडले. तूस आली, तूस गेली. एकदा कोणीतरी तिच्या दप्तरात मूठभर तूस भरून ठेवले. ते झटकताना ती रडली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन मुठी भरले.

त्या विषयात ती तीन गुणांनी नापास झाली. पण अशांना एक संधी मिळायची. फेरपरीक्षा. एकच कागद, आणि देल्फिन सरांनी त्यावर मुद्दाम मलाच ठेवले. ते तिला काय म्हणाले तेही मी ऐकले आहे, कारण तेव्हा मी त्यांच्या हातात होतो. “तुला काय लिहायचंय ते तुला माहीत आहे. तुझी शिष्यवृत्ती तुझ्याच हातात. मी काही दुष्ट माणूस नाही.”

मिलेटने तिला अक्षरशः हात जोडले. “अगं वेडे, सरांना हवं ते सरांना दे आणि खरं काय ते देवाला सांग. दोन आकडी उत्तर आहे गं ते! तीस लिहिलंस म्हणून कोणी मरतं का?”

अनालिन म्हणाली, “आते, तूसच निघत नाही असं मी लिहून दिलं, तर माझा बाप दिवसभर काय उपसतो गं?”

मिलेटने जोडलेले हात खाली घेतले.

परीक्षेत तिने आधी तीस लिहिले. खरेच लिहिले. मी जीव मुठीत धरून बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, राहू दे पोरी, राहू दे तेवढे. ती पाच मिनिटे त्या आकड्याकडे बघत बसली. मग तिने त्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला सत्तेचाळीस लिहिले आणि खाली पायऱ्या मांडल्या. कुठलाही आकडा हवेतून आला नाही हे दिसावे म्हणून तिने तिच्या बोलीत एक ओळ जास्तीची लिहिली. कागद देऊन ती बाहेर पडली. दुपारी फुली पडली आणि आठवड्याभरात खोलीतला तिचा पलंग रिकामा झाला.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी एक दुःखी गणित म्हणून तुमच्याकडून थोडी दया मागितली असती. पण पुढे माझे भाग्य उजळले.

दोन वर्षांनी देल्फिन सरांनी सरावाचे पुस्तक छापायला काढले. छापण्याआधी ते दुसऱ्या कॉलेजातल्या एका बाईंनी तपासले. त्यांनी माझ्या शेजारी पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘भरडल्यावर तूस कुठे गेले?’ सरांचे कान लाल झाले. ते कागद घेऊन बसले, पण शंभर पोत्यांत किती तांदूळ पडतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. कोणाला विचारावे तर हसे होणार. मग त्यांनी खालचा खण उघडला, जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि तिचा कागद शोधला. तो समोर धरून त्यांनी तिच्या पायऱ्या एकेक करून उतरवल्या. अगदी तशाच, जशा पोरे मिलेटच्या वहीवरून उतरवायची. काम झाल्यावर कागद पुन्हा खणात गेला. त्यावरची फुली तशीच राहिली.

पुस्तक छापून दुकानात यायच्या आधीच सरांनी मला वर्गात दिले. त्या वर्षीच्या मुलांनी सवयीने तीस उतरवले, आणि देल्फिन सरांनी त्यांना उभे सोलले. “गाढवांनो, भात आणि तांदूळ यातला फरक कळत नाही? शेतकऱ्यांची पोरं ना तुम्ही?” सगळे कॉलेज म्हणाले, सर असावेत तर असे. मला सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर गणित म्हणू लागले.

पुस्तक दुकानात आले त्याच सुमारास अनालिन कॉलेजात आली. मंडईतल्या एका दुकानात तिला काम मिळणार होते, त्यासाठी दोन वर्षे शिकल्याचा दाखला हवा होता. तोवर ती गिरणीत पोती शिवत होती, बोटांना सुतळीचे वळ होते. दाखल्याला वेळ होता, म्हणून ती फाटकाजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरली. तिने पुस्तक उचलले, चाळले, आणि मी तिच्यासमोर आलो.

ती वाचत गेली. सव्वीस. सत्तेचाळीस. आणि मधेच, सरांच्या सगळ्या इंग्रजीत, तिच्याच बोलीतली एक ओळ छापली होती: ‘आमच्या गिरणीत शंभराला पासष्ट पडतात.’ उतरवण्याच्या घाईत ती ओळही गेली होती. सरांची गिरणी नव्हती. वाचताना तिचे ओठ हलत होते.

“घ्यायचं असेल तर घे गं,” दुकानातल्या आलिंग इस्का म्हणाल्या. “नुसतं हाताळू नकोस, डाग पडतात.”

तेवढ्यात देल्फिन सर खडू घ्यायला आत आले. कोणीतरी मुलगी आपले पुस्तक उघडून उभी आहे हे बघून ते खूश झाले. ती कोण हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. त्यांनी वाकून पान बघितले.

“हे होय? इथं भले भले अडतात, बाळ. लाजू नकोस.” त्यांनी माझ्यावर बोट ठेवले आणि फार प्रेमाने समजावून सांगितले, “हे बघ, भात भरडला की तूस निघतं. एवढं लक्षात ठेव. कळलं?”

अनालिनने त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, आता बोलेल.

“कळलं, सर,” ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून जागेवर ठेवून गेली.

मित्रांनो, तुमच्या वहीत कधी कोणाचे उत्तर वेगळे आले, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा की हे तू कुठून आणलेस. तो सांगेल. आणि मला उतरवू नका, सोडवा. मी आता म्हातारा झालो आहे, माझी आठवी आवृत्ती निघाली आहे. इतकी वर्षे मी चुकीचा होतो तेव्हा ताठ मानेने फिरलो. आता मी अगदी बरोबर आहे, आणि मला त्याची लाज वाटते.