थंड हवेची गाडी

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. चालकासकट आठ माणसे माझ्यात बसत. हडपसरला गाडीतळाच्या मागे संपतराव मेस्त्रींचे गॅरेज आहे, त्याच्या परसात मी गेली कित्येक वर्षे उभी आहे. एका अंगाला गॅरेजची भिंत, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतीचे कुंपण आणि पुढ्यात मोडक्या रिक्षांची रांग. मला बाहेर काढायचे तर आधी चार रिक्षा उचलाव्या लागतील. कुणी उचलणार नाही. पण मित्रांनो, अडकणे म्हणजे काय ते मी या परसात शिकले नाही. ते शिकले तेव्हा माझी चारही चाके फिरत होती आणि लोक माझे कौतुक करत होते.

माझी पहिली आठ वर्षे एका व्यापाऱ्याच्या घरी सुखात गेली. त्यांनी नवी गाडी घेतली, आणि मला मन्सूरभाई शेख यांनी विकत घेतले. मन्सूरभाईंनी वीस वर्षे स्वारगेटच्या स्टँडवर रिक्षा चालवली होती. स्वतःची मोटार घ्यायची हे त्यांचे स्वप्न होते. मला घरी आणले त्या दिवशी त्यांच्या पत्नी अख्तरबानू बराच वेळ माझ्या दारावरून हात फिरवत उभ्या राहिल्या होत्या.

हडपसरच्या एका संगणक कंपनीत मला काम मिळाले. सासवडहून सात माणसांना सकाळी घेऊन यायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे. वाटेत दिवे घाट. चार वर्षे मी तो घाट दिवसातून दोनदा पार केला. एक दिवसही कुणाला उशीर झाला नाही.

मग दोन हजार पाच साल आले. एप्रिलच्या तेरा तारखेला कंपनीच्या वाहतूक विभागाचे हिंदुराव साहेब माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मन्सूरभाईंच्या हातात एक कागद ठेवला.

"पुढच्या महिन्यापासून एसी नसलेली गाडी गेटच्या आत येणार नाही. सीट नव्या हव्यात, पडदे हवेत, रंग नवा हवा. जमणार नसेल तर तसं सांगा. बाहेर पाच जण थांबलेत."

"साहेब, थोडी मुदत मिळाली तर..."

"मुदत दिलीय की. महिना संपायला अजून सतरा दिवस आहेत."

मन्सूरभाई तो कागद घेऊन संपतरावांकडे आले. संपतराव माझ्याखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा त्यांचे हात तेलाने माखले होते.

"भाई, एसीचं नंतर बघू. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय. मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर झिजून संपलेत. आधी हे काम करा."

"दोन्ही नाही का होणार?"

"माझ्याकडून होईल. तुमच्याकडून होणार का, ते सांगा."

मन्सूरभाई मनात हिशेब मांडू लागले. त्यांची मुलगी कमरजहां नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. अख्तरबानूंची भिशी नुकतीच लागली होती. त्यातून मुलीची फी भरली, आणि उरलेल्या पैशांत दोन्हींपैकी एकच काम होणार होते.

त्या रविवारी नवरा-बायको माझ्यातच बसून बोलले, कारण घरात मुलगी अभ्यास करत होती. ती दोघे घरी हिंदीत बोलत, मी आपले मराठीत सांगते.

"ब्रेक केले नाहीत तर काय होईल?" अख्तरबानूंनी विचारले.

"ब्रेक आहेत गं. थोडे ढिले आहेत."

"आणि एसी बसवला नाही तर?"

"तर काम जाईल. मग ब्रेक नीट करून गाडी दारात उभी करायची आणि बघत बसायचं."

अख्तरबानूंनी खिडकीची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "मग एसी बसवा. पण पहिल्या महिन्याचे पैसे आले की आधी ब्रेक."

"आधी ब्रेक," मन्सूरभाई म्हणाले.

खरे सांगते मित्रांनो, मला आनंद झाला. जुन्या बाजारातून आणलेला का होईना, पण मला एसी बसला. निळ्या मखमलीच्या सीटा आल्या. पडदे अख्तरबानूंनी स्वतः शिवले. रंग लागला तेव्हा मी दहा वर्षांनी लहान झाले. सासवडची मंडळी पहिल्या दिवशी आत बसली आणि थंड हवेचा झोत लागताच टाळ्या वाजवू लागली. "चाचा, ही तर विमानासारखी झाली!" असे सुहासिनी नावाची मुलगी म्हणाली. ती सगळ्यांत लहान होती आणि नेहमी मन्सूरभाईंच्या शेजारच्या सीटवर बसायची.

पण आतून मी गळत होते. ब्रेकचे तेल थेंबाथेंबाने खाली जात होते. मला ओरडता येत नव्हते. मी पॅडल मऊ करून बघितले, चाकांतून किंचाळून बघितले. मन्सूरभाईंना ते कळत होते. म्हणून तर त्यांनी आपल्या सीटखाली ब्रेक ऑइलची बाटली ठेवली होती. रोज सकाळी माणसे चढण्यापूर्वी ते बॉनेट उघडत, इकडे तिकडे बघत आणि तेल ओतत.

पहिल्या महिन्याचे पैसे आले. एसीमुळे डिझेल जास्त लागत होते, त्यात गेले. दुसऱ्या महिन्यात एसीच बिघडला. ब्रेक बिघडले तर फक्त मन्सूरभाईंना कळे. एसी बिघडला तर साऱ्या गाडीला कळे. म्हणून एसी दुरुस्त झाला. तिसऱ्या महिन्याचा पगार यायचाच होता.

ऑगस्टमधली सकाळ होती. घाटातला रस्ता ओला होता. आम्ही सासवडहून उतरत होतो. पुढे एक दुधाचा टेम्पो आपल्या बाजूने सावकाश चालला होता. वळण आले म्हणून तो आणखी सावकाश झाला. मन्सूरभाईंनी ब्रेक दाबला, आणि त्यांचा पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मला थांबायचे होते हो! सगळ्या अंगाने मला थांबायचे होते. पण माझ्यात थांबण्याजोगे काही उरलेच नव्हते.

मन्सूरभाईंनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि मला डोंगराच्या बाजूच्या चरात घातले. माझी कूस खडकावर घासत गेली. एक दिवा फुटला. माझा कोपरा टेम्पोला मागून लागला, दोन कॅन रस्त्यावर पडले आणि दूध उतारावरून वाहू लागले. मग मी थांबले. सुहासिनीच्या कपाळाला खोक पडली. बाकी कुणाला काही झाले नाही.

टेम्पोवाला उतरून धावत आला. भैरू त्याचे नाव. चाळिशीचा, हडकुळा माणूस. तो विचारत होता, "कुणाला लागलं का? लागलं का कुणाला?" तेवढ्यात आमच्यातल्या जयसिंग नावाच्या तरुणाने त्याची कॉलर धरली.

"घाटात मध्येच थांबतोस?"

"मी कुठं थांबलो? मी माझ्या बाजूनं चाललो हुतो, साहेब!"

जयसिंगने त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्याने टेम्पोचा नंबर लिहून घेतला. मन्सूरभाई अजून स्टिअरिंग धरून बसले होते. ते भैरूकडे बघत होते. आणि मित्रांनो, त्यांच्या टाचेने ती बाटली हळूच सीटखाली आणखी आत ढकलली. हे फक्त मला कळले.

"चाचा होते म्हणून वाचलो," सगळे म्हणाले.

पुढचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठ्या कौतुकाचे दिवस होते. सुहासिनीची आई तुळजाबाई पेढे घेऊन आली. "एकुलती एक पोर हाय माझी. तुमच्यामुळं घरी आली," असे म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. सुहासिनी कपाळाच्या पट्टीसकट वाकून मन्सूरभाईंच्या पाया पडली. ते मागे सरकत सरकत माझ्या दाराला येऊन टेकले. "नको बेटा, नको," एवढेच त्यांना म्हणता आले.

कंपनीने त्यांना शाल आणि नारळ दिला. हिंदुराव साहेबांनी भाषण केले. माझ्या दुरुस्तीचा खर्च कंपनीनेच उचलला, वर बक्षीस दिले. त्या बक्षिसातून मन्सूरभाईंनी आधी ब्रेक करून घेतले. संपतराव काम संपवून हात पुसत म्हणाले, "आता एक नंबर झालेत. एप्रिलमध्ये केले असते तर काही नाही, एक सत्कार तेवढा हुकला असता."

सहाव्या दिवशी भैरू कंपनीच्या गेटाबाहेर आला. मी उभी होते आणि मन्सूरभाई आत बसले होते. भैरू काचेपाशी वाकला.

"चाचा, तुमच्या लोकांनी मालकाकडं तक्रार दिली. मालकानं टेम्पोची किल्ली काढून घेतली. दूध सांडलं त्याचंबी माझ्याच माथी मारलं. तुम्ही पुढं बसला हुता. तुम्ही बघितलंय. तेवढं येऊन सांगा की मालकाला, माझी चूक न्हवती म्हणून."

मन्सूरभाईंनी काच वर केली. एसी चालू केला. भैरू बाहेर काही तरी बोलत राहिला, आम्हाला ऐकू आले नाही. आत इतकी थंड हवा होती, तरी मन्सूरभाईंचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्यांना माझ्यातून उतरता येत नव्हते आणि माझ्यात बसवतही नव्हते. मला भोंगा वाजवावासा वाटला. पण दुसऱ्याच्या हाताशिवाय माझा भोंगासुद्धा वाजत नाही.

पुढच्या रविवारी अख्तरबानू मला झाडत होत्या. त्यांचा हात सीटखाली गेला आणि बाटली निघाली. त्यांनी ती उघडून वास घेतला. मन्सूरभाई पाण्याची बादली घेऊन समोरच उभे होते.

"टेम्पो मध्ये आला होता ना?" अख्तरबानूंनी विचारले.

मन्सूरभाईंनी बादली खाली ठेवली. "नाही."

अख्तरबानू सीटवर बसल्या. मग म्हणाल्या, "एसी आधी बसवा, असं मीच म्हणाले होते. हे दोघांचं आहे. पण त्या माणसाचं यात काय होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासवडहून निघाल्यावर घाट सुरू व्हायच्या आधीच मन्सूरभाईंनी मला कडेला उभे केले. सगळ्यांना खाली उतरायला सांगितले. मग ती बाटली हातात धरून त्यांनी एप्रिलपासूनचे सगळे सांगितले. आवाज अगदी लहान होता, पण एक शब्द गाळला नाही.

"म्हणजे चार महिने तुम्ही आमच्या जिवाशी खेळत होतात?" जयसिंग ओरडला. "आणि मी त्या बिचाऱ्याला..." त्याने आपल्याच हाताकडे बघितले.

"ब्रेक आता नवे आहेत," मन्सूरभाई म्हणाले. "पण यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा."

कुणी आले नाही. एकेक जण एसटीची वाट बघायला झाडाखाली जाऊन उभा राहिला. सुहासिनी सगळ्यांत शेवटी हलली. "चाचा, मी तुमच्या पाया पडले होते," एवढेच ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मन्सूरभाईंना बरे वाटले असते.

ते मला रिकामीच घेऊन घाट उतरले आणि थेट पायथ्याच्या वडकीला, भैरूच्या गावी गेले. भैरूला बरोबर घेऊन त्याच्या मालकाच्या, सर्जेरावांच्या अंगणात मी थांबले. मन्सूरभाईंनी तिथे पुन्हा तेच सगळे सांगितले. दुधाचे पैसे पुढ्यात ठेवले. सर्जेरावांनी पैसे मोजून घेतले. मग आत जाऊन त्यांनी किल्ली आणली आणि भैरूच्या हातावर ठेवली. भैरूने मन्सूरभाईंना ना नमस्कार केला, ना शिवी दिली. तो टेम्पोकडे गेला आणि त्याने इंजिन सुरू करून बघितले.

कंपनीचे काम त्याच दिवशी सुटले. हिंदुराव साहेबांनी शाल परत मागितली नाही, पण बाहेर थांबलेल्या पाचांपैकी एकाला आत घेतले. माझा एसी विकला, निळ्या सीटा विकल्या, आणि कमरजहांची पुढच्या वर्षाची फी त्यातून भरली. मागची जागा मोकळी झाली तशी मी मार्केट यार्डातून भाजीची पोती वाहू लागले. मेथी आणि कोथिंबिरीच्या मातीने माझा नवा रंग दोन महिन्यांत उडाला. मन्सूरभाई पुष्कळ दिवस कुणाशी फारसे बोलत नव्हते. पण रात्री त्यांना झोप लागू लागली, असे अख्तरबानू एकदा संपतरावांना सांगत होत्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. आम्ही गळतो, कुरकुरतो, पायाखाली पोकळ लागतो. आमची भाषा तेवढीच. तुमच्या घरी असे कुणी मुके राबत असेल, तर त्याचे अंग सजवण्याआधी त्याचे दुखणे बघा. पैसे थोडे असतील तर हे नक्कीच बघा. आणि बघायचे राहून गेले, तर निदान राहून गेले असे वेळेत सांगा. मन्सूरभाईंना त्यासाठी नऊ दिवसांहून जास्त लागले, आणि ते दिवस दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटावर गेले.

पहिल्यांदा घाटापलीकडचे भाडे मिळाले तो दिवस मला अजून आठवतो. यार्डातले गेनबाशेठ टोमॅटोच्या पेट्यांपाशी उभे राहून माझ्याकडे संशयाने बघत होते. माझा रंग उडालेला, आतल्या सीटा गेलेल्या, खिडक्यांना पडदे नाहीत.

"मन्सूरभाई, गाडी लई भंगार दिसतीया. दिवे घाटातनं न्यायचाय माल. चालंल का ही?"

मन्सूरभाईंनी खाली वाकून माझ्या चारही चाकांमागे हात घातला, तो तेल न लागता कोरडा निघालेला बघितला आणि मगच उत्तर दिले.

"चालेल की नाही ते सांगत नाही, गेनबाशेठ. पण थांबेल."