शर्ट न काढणारा रुग्ण

पुतणी पास झाली तर तिला काय मिळणार, ते सगळ्या घराला पाठ होतं: परिचारिका म्हणून नोंदणी, मोठ्या रुग्णालयात नोकरी आणि तिथल्याच आवारात राहायची सोय. ती पास झाली तर काकांना काय मिळणार, हा हिशेब मात्र फक्त काकांनी मांडला होता. पुतणी तिकडे राहायला गेली की कोपऱ्यातली खोली रिकामी. खोलीला दार, दाराला आतून कडी. कडीची किंमत बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपणाऱ्याला विचारावी. पाहुणे हलेपर्यंत त्याला आडवं होता येत नाही, आणि सकाळी दूधवाल्यालाही त्याचेच पाय आधी दिसतात.

म्हणून "काका, परीक्षेत माझा रुग्ण होशील का?" असं पुतणीने विचारलं, तेव्हा 'रुग्ण'पर्यंत वाक्य पोचायच्या आतच काका "हो" म्हणाले.

तशी त्यांची सवयच होती. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून ते निवृत्त झाले होते. माणसाने "ही गाडी" एवढंच म्हणावं आणि काकांनी "गेली" म्हणावं, अशी सगळी नोकरी पार पडली. प्रश्न पूर्ण ऐकला तर रांग वाढते, हे त्यांचं तत्त्व.

रुग्ण घरून आणायची पाळी का आली, तर प्रशिक्षण शाळेतला रबरी रुग्ण आजारी पडला होता. मुली त्याला मौनीबाबा म्हणत. सुई टोचा, पालथा करा, कोमट पाण्याऐवजी गार पाण्याने पुसा, बाबांची तक्रार नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर बाबांचा खांदा निखळला आणि शाळेने फर्मान काढलं: प्रत्येकीने घरून एक धडधाकट माणूस आणावा, तो राजीखुशीने आलेला असावा, आणि रुग्णासोबत असतो तसा एक नातेवाईकही बरोबर असावा.

"तुला काही करायचं नाही," पुतणी म्हणाली. "नुसतं पडून राहायचं."

"मग भाऊजींइतका अनुभवी माणूस गाव धुंडाळून मिळायचा नाही," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. घरात काकांना 'अहो-जाहो' करणाऱ्या त्या एकट्याच, पण त्यांचं 'तुम्ही' नेहमी टोमण्याला पाट मांडून यायचं.

"नातेवाईक म्हणून मी येतो," दादा म्हणाले. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, पुतणीचे वडील आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचे मालक. "याला एकट्याला पाठवलं तर झोपेल आणि घोरेल. पोरीचे गुण जातील."

परीक्षेच्या दिवशी काकांनी सैल शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि दादांच्या मागोमाग निघाले. सराव झाला होता तो ताप बघण्याचा, नाडी मोजण्याचा आणि चमच्याने पाणी पाजण्याचा. त्यात काका तरबेज होते.

पण परीक्षेत चिठ्ठी उचलावी लागते. पुतणीने उचलली. निघालं: अंथरुणातल्या रुग्णाचं अंग पुसणे.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, पेन कानामागे आणि चेहरा असा, की औषधानेसुद्धा रांगेत उभं राहावं. खाटेच्या तिन्ही बाजूंनी पडदा होता. पडद्यापलीकडे बाकावर दादा बसले होते, हातांची घडी घालून.

"नमस्कार काका," पुतणी म्हणाली. "आज मी तुमची परिचारिका. तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

'तुमची' ऐकून काकांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे हा मान आपलाच! ते खुलले. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि कोणी न विचारलेलं आजोबांचंही सांगितलं.

"मी आता तुमचं—"

"हो, चालेल!" काका म्हणाले.

"काय चालेल?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"जे असेल ते."

"सिस्टर," बाई पुतणीकडे वळल्या, "काय करणार हे रुग्णाला कळण्याआधी त्याने मान हलवली तर ती संमती होत नाही. ती सवय झाली." आणि त्यांनी गुण कापले. पेन कागदावर कसं चालतं यावरून काकांना कापलेले गुण ऐकू येत. खिडकीतल्या नोकरीत कान तयार झाले होते.

पुतणीने पुन्हा सुरुवात केली. "काका, मी कोमट पाण्याने तुमचं अंग पुसणार आहे. आधी डोळे आणि तोंड, मग हात, मग छाती आणि पाठ. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करीन, बाकी चादरीखाली राहील. तुम्ही शर्ट आणि आत जे असेल ते काढायचं. काढलेले कपडे मी नाव घेऊन, मोजून, तुमच्या नातेवाइकांच्या हातात देईन. चालेल ना?"

काकांनी या खेपेला वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. आयुष्यात प्रथमच ऐकलं, आणि ऐकून पार हबकले.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तोंड पूस, हात पूस, पाय पूस. शर्ट नाही काढायचा."

पुतणी त्यांच्या कानाशी वाकली. "काका, नाटकं करू नकोस हं. सगळ्यात जास्त गुण यालाच आहेत."

"सिस्टर, रुग्णाला दम देताय?" मागून आवाज आला. पेन पुन्हा चाललं.

पडद्यापलीकडून दादा ओरडले, "अरे, काढ की शर्ट! नवरी मुलगी आहेस का लाजायला?"

"नातेवाइकांनी शांत बसावं," परीक्षक बाई म्हणाल्या. दादांना शांत बसायला सांगणारं माणूस काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी त्यांनी बाईंना मनातून नमस्कार केला असता, पण आत्ता त्यांचे दोन्ही हात शर्टाच्या बटणांवर होते.

पुतणी सरळ उभी राहिली. "बाई, मला रुग्णाशी एकांतात बोलायचंय." बाईंनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि पडद्याबाहेर गेल्या.

"आता बोल, काय झालंय?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वरची दोन बटणं काढली. आत तपकिरी लोकर होती. बिनबाह्यांचा स्वेटर. छातीवरच्या खिशाला निळ्या धाग्याची शिवण, कारण शिवताना वहिनींना तपकिरी धागा सापडला नव्हता.

पुतणीचं तोंड उघडंच राहिलं. "हा तर बाबांचा! मागची थंडी सगळं घर शोधत होतं! बाबांनी माळा रिकामा केला, आईची ट्रंक उपसली..."

"हळू बोल, चिमणे!"

"चोरलास?"

"चोरला कसला? यायचाच होता तो माझ्याकडे," काका दुखावलेल्या आवाजात कुजबुजले. "लहानपणापासून दादाचं जुनं झालं की माझं, असाच रिवाज आहे आपल्यात. चड्ड्या आल्या, शाळेची दप्तरं आली, चपला आल्या. या स्वेटरची मी किती वर्षं वाट पाहिली! पण दादा तो इतका जपून वापरायचा, की जुना होईचना. मी म्हटलं, आपलं वय होत चाललं, स्वेटरचं काही होत नाही. म्हणून वारसा थोडा आधी घेतला, इतकंच. घरात घालता येत नाही, बाहेर पडलो की शर्टाखाली घालतो."

"आणि आज घालून आलास? बाबांच्या शेजारी बसून?"

"बसमध्ये गार वारा होता गं."

पुतणीने पडद्याकडे पाहिलं. पलीकडे वडिलांचा खोकला ऐकू येत होता. शर्ट उतरवला तर नियमाप्रमाणे पडद्याबाहेर जाऊन खणखणीत म्हणावं लागणार: शर्ट एक, स्वेटर एक, तपकिरी. आणि नाही उतरवला तर अंग पुसायचे गुण गेले, नोंदणी लांबली, नोकरी हुकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

काकांनाही ते कळत होतं. गुण गेले की पुतणी घरात, पुतणी घरात म्हणजे खोली गेली, कडी गेली. त्यांनी डोळे मिटले. "काढ," ते हुंदका आल्यासारखं म्हणाले. "तुझं नुकसान नको. दादा मारून मारून किती मारेल?"

"मनापासून म्हणतोयस?"

"छे! मनापासून कोण म्हणेल?"

"मग ती संमती नाही," पुतणी म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने त्यांची दोन्ही बटणं लावली.

परीक्षक बाई आत आल्या. पुतणी ताठ उभी होती, पण कान लाल झाले होते. "रुग्णाने छाती आणि पाठ पुसायला नकार दिलाय. परिणाम समजावून सांगितलेत. नकाराची नोंद करते. चेहरा, हात आणि पाय पुसायला त्यांची हरकत नाही, तेवढं करते."

"कारण?"

"खासगी आहे, बाई."

"मी परीक्षक आहे."

"हो. पण त्यांनी ते परिचारिकेला सांगितलं. उपचाराशी त्याचा संबंध नाही, म्हणून मला सांगता येत नाही."

बाईंनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "रुग्णाच्या जिवाला काही धोका?"

पुतणीने प्रामाणिकपणे विचार केला. "धोका आहे, बाई. पण वैद्यकीय नाही."

बाई काकांच्या गळ्यापर्यंतच्या बटणांकडे पाहत राहिल्या. विचारायची इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर शिंकेसारखी आली आणि अडकून बसली. आपणच वर्षानुवर्षं शिकवलेला नियम आपल्याच वाटेत आडवा पडावा, यासारखी पंचाईत नाही.

मग पुतणीने मनगटावर पाणी पारखून घेतलं, डोळे आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसले, चेहरा पुसला, हात पुसले. तळपायाला ओलं फडकं लागताच काकांना गुदगुल्या झाल्या. ते खाटेवर असे खिदळले की खाटेची चाकं हलली. बाईंनी लिहिलं: रुग्ण प्रसन्न.

निकाल त्याच दुपारी लागला. संमतीचे गुण गेले होते, दम दिल्याचे गेले होते, अंग अर्धंच पुसल्याचेही गेले होते. पण नकाराचा मान राखणं आणि गुपित सांभाळणं या दोन रकान्यांत बाईंनी दात-ओठ खात पैकीच्या पैकी दिले. पुतणी काठावरून पास झाली.

घरी जाताना दादांनी विचारलं, "तो शर्ट का काढत नव्हता?"

"सांगता येत नाही, बाबा."

"अगं, मी बाप आहे तुझा!"

"बाप आहात. रुग्ण नाही."

"काही झालंय का त्याला?"

"झालंय तेही सांगता येत नाही, नाही झालं तेही सांगता येत नाही."

दादा धाकट्या भावाकडे बघू लागले, आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस त्यांना प्रथमच नजर चुकवताना दिसला. घरी पोचल्यावर त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "छातीवर काहीतरी आहे त्याच्या. पोरगी बोलत नाही, म्हणजे मोठंच आहे."

"मला काही झालेलं नाही," काका जेवताना म्हणाले.

"असंच म्हणतात हो सगळे," वहिनी म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांच्या 'हो'मागे टोमणा नव्हता. काका उगाच भात कालवत बसले.

आता जमाखर्च. पुतणीला नोंदणी मिळाली, नोकरी मिळाली आणि जन्मभर पाळायचं एक गुपित मिळालं, ज्याचा तिला प्रत्येक थंडीत ठसका लागतो. परीक्षक बाईंच्या पदरात पडलं ते नुसतं कुतूहल. त्यानंतर दोनदा त्यांनी पुतणीला सहज म्हणून फोन केला आणि दोन्ही वेळा त्यांना नियमच ऐकावा लागला. काकांना खोली मिळाली, तीही पुतणी जायच्या आधीच, कारण आजारी माणसाला वाऱ्यात झोपवणं दादांना पटेना. शिवाय रोज रात्री पेलाभर दूध. आणि थंडी पडायच्या सुमारास दादांनी बाजारात जाऊन त्यांच्यासाठी स्वेटर आणला, लांब बाह्यांचा, कोरा, काकांच्याच मापाचा. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर दुसऱ्या कोणी आधी न घातलेलं काही चढलं. काका बराच वेळ त्याची घडी मांडीवर घेऊन बसले. मग उठून त्यांनी आतून कडी लावली.

या सगळ्याचे पैसे भरले दादांनी: हरवलेल्या स्वेटरचे, नव्या स्वेटरचे आणि दुधाचे. दोन दोन स्वेटरांचा हा मालक भर थंडीत हातांची घडी घालून अंगणात फिरतो, आणि कोणी विचारलंच तर म्हणतो, "मला चालतं हो. भावाला जपायला हवं."