तो आला की बघू

दातांच्या डॉक्टरबाईंच्या घरात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडायचं, "तो आला की बघू."

स्वयंपाकघरातला नळ गळायचा, त्याच्याखाली कायमचं पातेलं ठेवलेलं. तो आला की बघू. पडद्याचा दांडा एका बाजूनं निखळलेला. तो आला की बघू. न्हाणीघराची कडी लागत नव्हती, म्हणून आत जाणाऱ्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचं असा घरचा नियमच होऊन बसला होता. सासूबाईंचा गळा असा की त्या आंघोळीला गेल्याचं शेजारपाजाऱ्यांनाही कळायचं. तरीही तेच, तो आला की बघू!

हा 'तो' म्हणजे डॉक्टरबाईंचा नवरा. पूल बांधणारा इंजिनिअर. लांबच्या एका नदीवर त्याचं काम चाललेलं. दोन-तीन महिन्यांनी चार दिवसांची सुट्टी मिळायची, तीही साहेबांच्या मर्जीनं. एरवी घरात दोघीच, सासू आणि सून. बाई दवाखाना एकटीनं सांभाळायच्या, भल्याभल्यांच्या दाढा हसत हसत काढायच्या. पण घरातल्या हत्यारांच्या पेटीला हात लावायच्या नाहीत. ती पेटी त्याची.

एका सकाळी दवाखान्यात जाताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टक्कन गाडीच्या पुढच्या काचेवर बसला. शेजारच्या सीटसमोर नखाएवढी चांदणी उमटली. बाईंनी लगेच फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

"काही करू नकोस," त्याचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात येतोयच. आलो की बघतो."

खरं सांगायचं तर बाईंना बरंच वाटलं. त्याच्या येण्याला आणखी एक कारण झालं!

दवाखान्याशेजारच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी काच बघितली. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मागच्या गल्लीतच काचवाला आहे. एवढीशी तर आहे, तुमचा चहा होईपर्यंत भरून देईल."

"राहू द्या हो. तो येतोयच."

पण तो आला नाही. पुलाच्या खांबाचं काम अडलं आणि सुट्टी रद्द झाली. "या वेळी नाही जमत गं," तो फोनवर म्हणाला. "असू दे, कामं आधी," बाई म्हणाल्या, तेही अगदी शहाण्या बायकोच्या आवाजात. फोन ठेवला आणि उभ्या गाडीत त्या बराच वेळ बसून राहिल्या. शेजारची सीट अजून मागे सरकवलेलीच होती, त्याचे लांब पाय मावावेत म्हणून. त्यांनी ती कधी पुढे घेतली नव्हती.

मग थंडी पडली. एके दिवशी काचेवर धुकं साचलं म्हणून बाईंनी गरम हवा जोरात सोडली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या चांदणीतून एक चीर निघाली. कुणी पेन्सिलीनं ओढत न्यावी तशी सरसर त्यांच्या बाजूला आली आणि काचेच्या कडेला जाऊन थांबली. बाईंनी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. काही दिवसांत त्यांना त्या चिरेची सवयसुद्धा झाली! मान जराशी खाली घातली की चिरेखालून रस्ता दिसायचा. तेवढं पुरेसं वाटायचं.

एका संध्याकाळी सासूबाईंचे डोळे तपासून दोघी परतत होत्या. सूर्य कलला होता, उजेड थेट समोरून येत होता. वळणावर तो उजेड चिरेत शिरला आणि अख्खी काच लखलखली. बाईंना समोरचं काही म्हणजे काही दिसेना.

"अगं थांब! थांब!" सासूबाई किंचाळल्या.

बाईंनी पायातलं सगळं बळ ब्रेकवर टाकलं. गाडी करकचून थांबली. चिकटपट्टीखालून, हातभर अंतरावर, एक माणूस उभा दिसला. लहानग्या मुलीचा हात त्यानं इतका घट्ट धरला होता की ती पोर अर्धी उचलली गेली होती. तिच्या पायातली एक चप्पल रस्त्यात पडली होती.

तो माणूस ओरडला नाही, त्यानं शिव्याही दिल्या नाहीत. चप्पल उचलून तो खिडकीशी आला आणि कापऱ्या आवाजात त्यानं एवढंच विचारलं, "दिसलो नाही का हो आम्ही तुम्हाला?"

बाईंनी हात जोडले. तो मुलीला कडेवर घेऊन निघून गेला.

बाईंनी कशीबशी गाडी कडेला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "ही काच अजून का बदलली नाहीस?"

"आई, गाडीतलं मला काय कळतं? तो आला की..."

"माणसाच्या जबड्यात भोक पाडायचं कळतं, आणि काचवाल्याच्या दारात गाडी नेऊन उभी करायचं कळत नाही? दवाखान्यात दिवसभर लोकांना काय सांगत असतेस तू? लवकर आला असतात तर दात भरून दिला असता, आता काढावाच लागेल. ते फक्त लोकांसाठी?"

बाईंनी गाडी बंद केली.

"गाडी तुझी, काच तुझी, सगळं कबूल. पण रस्ता तुझ्या एकटीचा नाही. त्या पोरीला काय घेणंदेणं, तुझा नवरा कधी येणार याच्याशी?"

तेव्हा मात्र बाईंचा बांध फुटला. "सगळं मीच करून टाकलं, तर तो येईल कशाला हो आई? नळ गळतोय म्हणून तरी तिकडे त्याला घर आठवत असेल. काही कामच उरलं नाही, तर..."

सासूबाईंनी आपल्या पदरानं सुनेचे डोळे पुसले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"वेडे, हाच खेळ मीही खेळले आहे. तुझे सासरे बोटीवर नोकरीला होते. त्यांच्यासाठी मी घरभर कामं राखून ठेवायची. खुर्चीचा पाय, खिडकीची बिजागरी, एक ना दोन. ते यायचे, हातोडी उचलायचे, सुट्टीभर ठोकाठोक करायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, केवढा जीव आहे यांचा घरावर! त्यांना वाटायचं, बायकोला हवं तेवढं आपण केलं. दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं राहूनच गेलं. ते गेले त्याला इतकी वर्षं झाली. आता डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायला बसले, तर मला फक्त हातोडीचा आठवतो गं."

बाईंना हुंदका आवरेना. किती दिवस, किती घरांत, किती बायका असं करत आल्या असतील! मनातलं तोंडानं सांगायची लाज वाटते, म्हणून नळ गळत ठेवायचा!

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला दुपारची सुट्टी देऊन बाई काचवाल्याकडे गेल्या. त्यानं चिरेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"चांदणी होती तोवर भरता आली असती, बाई. आता चीर कडेपर्यंत गेली आहे, तीही तुमच्या नजरेसमोरून. भरली तरी काच कच्चीच राहणार. बदललेली बरी. साहेबांना विचारून घेताय का?"

बाईंचा हात सवयीनं फोनकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"गाडी मी चालवते. बदला!"

नवी काच बसली, पण चिकटवलेलं सुकेपर्यंत गाडी हलवायची नव्हती. बाकावर बसून बाईंनी मग नवऱ्याला फोन लावला.

"काच बदलून घेतली," त्या म्हणाल्या. "आणि उद्या नळवाल्याला बोलावलंय. सुताराचंही बघते."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "म्हणजे आता मी येऊन करू काय?"

"बसायचं."

"अं?"

"माझ्याजवळ बसायचं. बोलायचं. मला नळासाठी नको आहेस तू. मला तू हवा आहेस. मला तुझी फार आठवण येते रे."

कारागीर आजूबाजूला असताना हे आपण बोललो याचं बाईंना स्वतःलाच नवल वाटलं. काचवाल्यानं उगाचच पाठ वळवून फडकं झटकलं.

पलीकडून नवरा म्हणाला, "खरं सांगू? तुझा फोन आला की कुठलीतरी मोडतोडच कानावर यायची. मला वाटायचं, घराला माझे फक्त हात हवेत. म्हणून सुट्टी रद्द झाली तर मीही फार भांडलो नाही कधी."

या वेळी तो भांडला आणि सुट्टी घेऊन आला.

पहिल्या दिवशी त्याची फार पंचाईत झाली. नळ उघडून बघितला, धड. पडदा ओढून बघितला, धड. "पाहुण्यासारखं वाटतंय मला," तो कुरकुरला. "मग पाहुण्यासारखा बस की," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं गॅलरीत बसले होते, तेव्हा तो हळूहळू बोलू लागला. पत्र्याच्या खोलीतला एकटेपणा, रविवारी कामगार आपापल्या घरी गेले की वाढत जाणारा नदीचा आवाज, त्या आवाजात जेवण घशाखाली न उतरणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि बाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. सासूबाई मध्येच उठून आत गेल्या. काही काम नव्हतं त्यांना आत.

निघताना तो म्हणाला, "पुढचं काम जवळच्या नदीवर मागून बघतो. देतील न देतील, पण मागतो."

त्याला बसपर्यंत सोडून बाई एकट्या परतल्या. घरात शिरल्यावर आठवण आधीपेक्षा जास्तच आली, कारण आता तिला लपायला गळका नळ नव्हता. पण त्या आठवणीत गाऱ्हाणं नव्हतं. तो तिकडे नदीकाठी आपल्यासारखाच झुरतो आहे, हे आता ठाऊक होतं.

मंडळी, आपल्याही घरात असं एखादं 'आला की बघू' असेलच. लहान असतं तोवर दुरुस्त होतं. ती वेळ टळली की बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि मधल्या दिवसांत आपल्या टाळाटाळीसमोरून कुणाचं तरी लेकरू रस्ता ओलांडत असतं. तेव्हा जे आपल्या हातात आहे, ते आजच करून टाका. बाईमाणसाला काय कळतं, हे तर कुणी म्हणूही नका आणि ऐकूनही घेऊ नका! आणि कुणाची वाट बघत असाल, तर मोडक्या वस्तूंच्या आडून बघू नका. फोन उचला आणि सरळ सांगा, "तू हवा आहेस."