दोन इंच कललेलं खुराडं

"दोन इंच," गिरीधरराव म्हणाले आणि ओळंबा हातात धरून तसेच उभे राहिले. "गेल्या महिन्यात दीड होतं. कोणीतरी ढकलतंय."

ज्योतिबा सुताराने खुराड्याभोवती एक फेरी मारली. "अण्णा, खुराड्याला कोण ढकलतंय? जुनं झालंय ते. टेकू देतो, स्वल्प, थोडी जाळी बदलतो, दोन वर्षं जाईल. नाहीतर पाडा आणि नवंच बांधा. तुम्ही सांगाल तसं."

'तुम्ही सांगाल तसं' म्हणणाऱ्या माणसाचा गिरीधररावांना ताबडतोब संशय यायचा. वजनमापे खात्यात त्यांनी निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली होती. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, पोकळ केलेली वजनं, तळ आत ठोकलेली लिटरची मापं, सगळं त्यांनी पकडलं होतं. प्रामाणिक दुकानदार भेटला की त्यांना अर्धा दिवस जास्त लागायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला बंगळूरच्या घरामागचं अंगण तेवढं उरलं, आणि त्यात तीन नाटी, म्हणजे गावठी कोंबड्या आणि एक खुराडं.

खुराडं सुरूच्या चार खांबांवर उभं होतं. वर छातीइतक्या उंचीवर पत्रा, खाली जमिनीला लागून पेट्या. दार इतकं खाली, की अंडं काढायचं तर माणसाला जवळजवळ कोंबडी व्हावं लागे.

संशयितांची यादी तयार होती. पहिला शेजारचा विनोदकुमार. त्याने बोअर मारल्यापासून आपल्या बाजूची जमीन सरकते आहे, असं गिरीधररावांचं मत होतं. दुसरा खुद्द ज्योतिबा, त्याला काम हवं होतं. तिसरा रघुनंदन. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं? सर्जापूर रोडच्या फ्लॅटमधून दर रविवारी यायचा आणि खुराड्याचा कोपरा पावलांनी मोजायचा.

आजही मोजूनच तो म्हणाला, "आप्पा, पाडणारच असाल तर परत बांधता कशाला? इथे गाडी आरामात बसेल. आणि अम्माला आता हे झेपतं का?"

"मला काय धाड भरलीय?" स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाबाई म्हणाल्या. "दुरुस्त करा. नवं नको."

"नवं का नको?" गिरीधररावांनी भुवई उचलली. यादीत चौथं नाव येऊ घातलं होतं.

"कारण जुनं मोडलं की कोंबड्या माझ्या बहिणीकडे जातील, महादेवपुऱ्याला. आठ दिवसांसाठी. नवव्या दिवशी इथे याची गाडी उभी असेल. या घरात आठ दिवस म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे."

रघुनंदन फोन बघू लागला.

"सरी, ठीक आहे," ज्योतिबाने पिशवी उचलली. "पुढच्या रविवारी येतो. तोवर ठरवा."

गिरीधररावांनी ठरवायची आपली जुनी रीत पत्करली. न सांगता तपासणी. मंगळवारी सकाळी सहाला ते न्हाणीघरात शिरले, आतून कडी लावली आणि उलट्या घातलेल्या बादलीवर चढून झरोक्याला डोळा लावला. विनोदकुमारच्या भिंतीवर त्यांची नजर होती.

भिंतीवरून कोणी आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाबाई आल्या.

त्या खुराड्यापाशी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूहळू जमिनीवर बसल्या. दारातून हात आत घालून अंडी काढली, ओच्यात ठेवली. इथवर गैर काही नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला आणि उठायला जोर लावला. खांब करकरला. त्या निम्म्या उठल्या आणि परत बसल्या. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसल्या. कोंबड्या बाजूला गप्प उभ्या होत्या, त्यांना हे रोजचं असावं. तिसऱ्या खेपेला सुनंदाबाई उठल्या. खांबाला डोकं टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खांबाच्या बुडाशी उखडलेली माती पायाने दाबून सारखी केली.

गिरीधरराव बादलीवरून उतरले. बाहेर आले तर चहा तयार होता.

"आज तीन," सुनंदाबाई म्हणाल्या. "एवढा वेळ आत काय करत होतात?"

"पोट बिघडलंय."

"काल विनोदकुमारकडचं खाल्लंत, त्याचं," त्या म्हणाल्या. संशय घ्यायला त्याही आता शिकल्या होत्या.

रविवारी ज्योतिबा टेप घेऊन आला. रघुनंदनही आला होता.

"नवं बांधायचं," गिरीधररावांनी निकाल दिला. सुनंदाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "पण आधी नवं उभं राहील. कोंबड्या त्यात जातील. मग जुनं मोडायचं. कोंबड्या कुठेही जाणार नाहीत. आणि दार वर, कमरेइतकं."

"एवढं वर?" ज्योतिबा म्हणाला. "अण्णा, कोंबडी आहे, कबूतर नाही."

"शिडी लाव. खाली मुंगूस येतं."

रघुनंदन हसला. "बंगळूरमध्ये मुंगूस?"

"तू सर्जापूर रोडला राहतोस. तुला बंगळूरचं काय ठाऊक?"

सुनंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी तर कधी बघितलं नाही. तुम्ही कधी बघितलंत?"

"मंगळवारी. सकाळी सहाला."

सुनंदाबाई सूप उचलून आत गेल्या. चौतीस वर्षांत गिरीधररावांनी एकही खोटा अहवाल लिहिला नव्हता. हा पहिलाच, आणि ज्योतिबाने तो खरा मानून टेप उलगडली.

पाच दिवसांत नवं खुराडं उभं राहिलं. दार कमरेला, आत पेंढा, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेली शिडी. सहाव्या दिवशी सकाळी गिरीधरराव न्हाणीघरात तोंड धूत होते. झरोक्यातून दिसलं, सुनंदाबाई ताठ उभ्या होत्या, एक हात पत्र्यावर. तिन्ही कोंबड्या शिडीच्या पायथ्याशी माना वाकड्या करून वर बघत होत्या. एकही चढायला तयार नव्हती.

"चढा गं बायांनो," सुनंदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचे गुडघे अजून चांगले आहेत."

गिरीधररावांनी नळ मोठा सोडला.