शंभर मेंढरांचा धनी

सिदूच्या बापाची शंभर मेंढरं होती. नातेपुत्याच्या अलीकडे माळावर त्यांचा तळ पडायचा. एकोणीसशे वीस सालच्या दुष्काळात मेंढरं पटापट मेली, उरलेली खाटकानं मातीमोलानं नेली. बाप हाय खाऊन गेला. पुढच्या वर्षी सिदू बायकोला, मायाक्काला, घेऊन सोलापूरला गिरणीत आला. शंभर मेंढरं पुन्हा उभी करायची आणि मगच माळावर परतायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

दोन वर्षांची लेक होती, केरा. तिला मायाक्काच्या थोरल्या भावाकडे, ज्ञानबाकडे ठेवलं.

"तितं शेरडांचं दूध फुकट मिळतंय," सिदू म्हणाला. "हितं इकत घ्यावं लागंल. दोन-चार वर्सांची तर गोष्ट हाय."

पोरगी अजून अंगावर पीत होती. सोलापुरात आल्यावर आठ दिवस मायाक्काचा पदर ओला व्हायचा आणि ती तो चुलीसमोर बसून वाळवायची.

सिदूला कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात काम मिळालं. तिथं कापसाच्या धुरळ्यात समोरचा माणूस दिसत नसे. त्या खात्यात कुणी टिकत नसे, म्हणून तिथं मुकादमाला पैसे चारावे लागत नव्हते. सिदूला तेवढंच बरं वाटलं. मायाक्का सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात लागली.

शेजारच्या खोपटात अक्कलकोटकडचा ईरप्पा राहायचा. तो साच्यावर होता, कापड विणायचा. रविवारी मटण आणायचा, तालमीतल्या कुस्त्या बघायला जायचा. एकदा तो म्हणाला, "सिदू, मुकादमाला एकडाव पैकं चार आन माज्या खात्यात ये की. पगार दीडपट हाय. वरसात फिटून जाईल."

"आन न्हाय फिटलं तर?"

"फिटतंय रे. नाहीतर रोज गूळ तरी खा. बेल्ला, म्हंजी गूळच, खाल्ला की घशातला कापूस उतरतो. समदी खातात."

सिदू हसला. "माजा घसा धनगराचा हाय. माती खाऊन वाढलाय."

तो गूळ खात नसे, चहा पीत नसे. दोघंही सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि चटणी खायची. चटणीवर तेल फक्त सणाला पडायचं. दिवा ते जेवण होईपर्यंतच ठेवायचे. सिदूचं घोंगडं विरलं तेव्हा त्यानं त्याला गिरणीतल्या टाकाऊ सुताची ठिगळं लावली. महिन्याकाठी जे उरे ते चुलीमागच्या खड्ड्यात मडक्यात पडे. त्या मडक्याकडे बघितलं की त्याला पोटातली भूक कळत नसे. मायाक्काला कळायची.

तिसऱ्या वर्षी तिनं एक गोष्ट काढली. "अवं, मडक्यातल्या पैक्यात धा मेंढ्या येत्यात. घेऊन दादाच्या कळपात सोडू. अर्धलीनं राकंल त्यो, निम्मी कोकरं त्याची. तीन-चार वर्सांत धाच्या तीस व्हतील."

"दुसऱ्याच्या कळपात लांडगा आला की आपलीच मेंढी जाती," सिदू म्हणाला. "ह्ये मी बापाच्या वक्ताला बघितलंय."

"मडक्यातल्या पैक्याला कुटं पिल्लं व्हत्यात?"

"पिल्लं व्हत न्हाईत, पर मरतबी न्हाईत."

मायाक्कानं विषय तिथंच सोडला. त्याचा बाप कसा गेला हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

वर्षं जात राहिली. सातव्या वर्षी ज्ञानबा सोलापूरला आला. केरा नऊ वर्षांची झाली होती. आपल्या थोरल्या मुलाशी तिचं लग्न लावायचं त्याच्या मनात होतं.

"घरातल्या घरात हाय, दाजी. तुमाला खर्च न्हाय. पोरगी नजरंसमोरनं हालणार न्हाय."

सिदूनं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या लग्नाचा खर्च वाचला याचा आनंद त्याला लपवता आला नाही.

लग्नाला मायाक्का एकटी गेली. दोघं गेली तर दोघांचे खाडे आणि दोन तिकिटं. हळद लावायला तिनं केराला जवळ ओढलं, तेव्हा पोरगी मामीच्या मागं जाऊन उभी राहिली. मामी म्हणाली, "आगं, आई हाय ती तुजी." केरानं मान डोलावली. पण ती पुढं आली नाही. हळद मामीनंच लावली.

परत आल्यावर सिदूनं विचारलं, "कशी हाय पोर?"

"गोरी हाय," मायाक्का म्हणाली. एवढंच तिला सांगता आलं.

तीस साली इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ, लष्करी अंमल, लावला, गिरण्या बंद पडल्या. त्या दिवसांत मडक्याला हात लागू नये म्हणून ती दोघं एकवेळ जेवली. गिरणी सुरू झाली आणि सिदूचा खोकला वाढला. आधी सोमवारी, सुट्टीनंतर कामावर गेल्यावर, छाती आवळायची. मग रोज आवळायला लागली. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, "हे काम सोड. दूध पी, अंडी खा. मोकळी हवा पाहिजे तुला."

"हवा आमच्या माळावर लई हाय, सायेब," सिदू म्हणाला. "तिकडंच निगालोय."

मग मंदी आली. मालाचे, गुरांचे, मेंढरांचे सगळ्यांचे भाव कोसळले. बत्तीस सालच्या पावसाळ्याअखेर ज्ञानबाचा निरोप आला की मेंढ्या निम्म्या किमतीत मिळताहेत. सिदूनं चुलीमागं उकरलं. मडकं वर काढलं आणि त्यातले पैसे दोनदा मोजले.

"बघ," तो मायाक्काला म्हणाला, "पैका मरत न्हाय म्हणलो व्हतो का न्हाय? त्यानं वाट बघितली."

ती हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला नवरा शहाणा वाटला.

शंभर मेंढरं झाली. बाजारातून ती माळावर चढली त्या दिवशी सिदू गुडघ्यावर बसला. एकेकीची पाठ, दात, कास बघत राहिला. प्रत्येकीच्या कानाला त्यानं बापाची खूण केली, डाव्या कानाला दोन कापे. माणसं बघायला आली. "सिदू धनी झाला," असं म्हणाली. संध्याकाळी केरानं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "पावणं, पानी घ्या."

"आगं, बा हाय त्यो," ज्ञानबा ओरडला.

"ऱ्हाऊ दे," सिदू म्हणाला. त्यानं पाणी घेतलं. पोरगी मेंढरांकडं गेली. ती मेंढरांना जीभ टाळूला लावून बोलवायची, अगदी सिदूची आई बोलवायची तसं. सिदू तिकडं बघत राहिला.

दिवाळीनंतर सगळे कळप चाऱ्याच्या मागं घाटाकडे निघाले. मेंढरू एका जागी राहत नाही. रोज चार-पाच कोस चालायचं, रोज नवं रान. सिदू काठी घेऊन पुढं झाला. पहिल्या दिवशी तो कळपाच्या पुढं होता. दुसऱ्या दिवशी कळपाच्या मागं पडला. तिसऱ्या दिवशी एका चढाला तो बसला आणि त्याला उठता येईना. श्वास आत जाई तो बाहेर येईना, ओठ निळे पडले. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली. मायाक्का त्याच्याजवळ थांबली.

ज्ञानबा परत आला. "दाजी, घोड्यावर बसा."

सिदू घोड्यावर बसला. पण घोड्यावर बसून मेंढरं वळवता येत नाहीत, लंगडी मेंढी उचलता येत नाही. चौथ्या दिवशी त्याला घोड्यावरही बसवेना.

"तुमी जावा," तो म्हणाला. "मी हितं ऱ्हातो."

"हितं कुटं ऱ्हाताय? हितं काय हाय?" मायाक्का म्हणाली.

माळावर त्यांचं घर नव्हतं, शेत नव्हतं. होती ती मेंढरं, आणि ती पुढं निघाली होती. त्यांना रोजची मजुरी मिळेल अशी एकच जागा ठाऊक होती. मेंढरं अर्धलीनं ज्ञानबाच्या कळपात राहिली. मायाक्का नवऱ्याला बैलगाडीत घालून, मग आगगाडीनं सोलापूरला घेऊन आली. जुन्या खोपटात दुसरं कुणी राहायला आलं होतं. ईरप्पानं आपल्या खोपटाला लागून चार पत्रे टाकून दिले.

मायाक्का पुन्हा कांड्या भरायला लागली. सिदू दाराशी बसून असायचा. तिनं एकदा पावशेर दूध आणलं तर तो चिडला. "उद्यापास्नं आणू नगंस. दुधापायी एक मेंढी इकली तर कळपात खाडा पडतो." तिनं दुसऱ्या दिवशीही आणलं. पण तोवर त्याला दूध पचेनासं झालं होतं.

माघात तो गेला. त्यावेळी कळप घाटाखाली होता. ज्ञानबाला निरोप पोचायला दीड महिना लागला, आणि तो आला ते कळप परतल्यावर, ज्येष्ठात.

तो खोपटाच्या उंबऱ्यावर बसला. बराच वेळ रडला. मग म्हणाला, "काही मेली, काही लांडग्यानं नेली. पर कोकरं चांगली जगली. मेंढरं राखली मी, मायाक्के."

"तू राखणार हे मला ठावं व्हतं, दादा."

"मग चल की. तुजी हाईत ती."

"चालून चालून किती चालू आता? माजंबी गुडघं गेलं." तिनं चुलीवर तवा ठेवला. "केरा काय म्हणती?"

ज्ञानबानं खाली बघितलं. "बरी हाय. कामाची हाय लई."

"माजं नाव काढती का?"

"पोर हाय ती अजून," ज्ञानबा म्हणाला.

मायाक्कानं त्याला जेवू घातलं. त्याची गाडी दुपारची होती आणि तिला दुपारच्या पाळीला जायचं होतं. दोघं बरोबर निघाली. सात रस्त्याच्या चौकापाशी त्यांची वाट फुटत होती. तिथं ज्ञानबा घुटमळला.

"एक इचारायचं ऱ्हायलं. नव्या कोकरांच्या कानाला अजून खूण न्हाय केली. दाजींची करू का माजी?"

"तुजीच कर," ती म्हणाली. "केराला वळखायला सोपं पडंल."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि गिरणीच्या रस्त्याला लागली.